सोलापूरहून सिंगापूर क्रूझ: विमान, हॉटेल, बंदरापर्यंतची गाडी कशी जुळवायची?

होटगीरोड_प्रवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गड्ड्याची यात्रा उरकली की सिंगापूरहून तीन रात्रींची क्रूझ करायची आहे. जहाज रविवारी २४ जानेवारी २०२७ ला दुपारी चारला मरीना बे क्रूझ सेंटरवरून सुटतं, मध्ये मलेशियातलं पोर्ट क्लांग आणि पेनांग, बुधवारी २७ ला सकाळी परत सिंगापूर. क्रूझचं बुकिंग झालंय, बाकी सगळं व्हायचंय.

आम्ही पाच जण: आई-वडील (६८ आणि ७३, वडिलांना गुडघ्यांचा त्रास), आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. मोठ्या बॅगा चार.

१) विमान मुंबईहून घ्यावं की हैदराबादहून?
२) एजंट म्हणतो, रविवारी सकाळी साडेसातला उतरा, जहाज चारला, हॉटेलचा खर्च वाचतो. चालेल का?
३) चांगी विमानतळ ते बंदर कसं जायचं? परतीचं विमान किती वाजताचं घ्यावं?
४) सगळं एजंटकडूनच पॅकेजमध्ये घेतलं तर फायदा आहे का?

---

सातरस्ता_७

आधी दुसऱ्या प्रश्नाचं, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. रविवारी सकाळी उतरू नका. शनिवारी उतरा.

एजंटचं गणित कागदावर बरोबर आहे. पण जहाज चारला सुटतं म्हणजे तुम्हाला चारपर्यंत आत घेतात असं नाही. चेक-इन तास-दीड तास आधीच बंद होतं. नेमकी वेळ बोर्डिंग पासवर असते, ती बघा. म्हणजे हातात सकाळी साडेसात ते दुपारी अडीच. त्यात इमिग्रेशन, बॅगा आणि गाडी. विमान तीन तास उशिरा आलं तरी निभेल. रद्द झालं तर मात्र संपलं, कारण थेट विमानं मोजकी आणि त्यातली बरीच रात्रीची. पाच जागा एकत्र मिळेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो आणि तोवर जहाज पोर्ट क्लांगच्या वाटेवर. विमान आणि क्रूझ वेगवेगळी काढलेली असली की विमान कंपनी क्रूझचे पैसे देत नाही आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. पुढच्या बंदरात जाऊन चढू म्हणाल, तर त्यालाही क्रूझ कंपनीची आधी परवानगी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. वाचलेल्या एका रात्रीच्या हॉटेलभाड्यापुढे हे फार महाग पडतं.

मुंबईमार्गे जायचं तर असं बसवा:

शुक्रवार २२ जानेवारी. वंदे भारत सोलापूरहून सकाळी ६.०५, सीएसएमटीला साडेबाराच्या सुमारास. रात्री साडेअकराच्या आसपासचं विमान. साडेपाच तासांचा प्रवास आणि तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे शनिवारी सकाळी साडेसातला चांगी. वंदे भारत गुरुवारी सोलापूरहून सुटत नाही. शुक्रवार असल्यानं तुम्हाला अडचण नाही, पण तारीख मागे-पुढे केलीत तर लक्षात असू द्या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गुरुवारी रात्री निघालात तर सकाळी सातच्या आत मुंबईत, मग विमानापर्यंत अख्खा दिवस काढायचा. वडिलांच्या दृष्टीनं वंदे भारतच बरी.

सीएसएमटीहून टी२ ला (मुंबई विमानतळाचं टर्मिनल २) जायला आता मेट्रो ३ थेट आहे, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्ग सुरू झालाय. पण चार बॅगा आणि गुडघे बघता मोठी टॅक्सीच करा. दुपारी तेवढी घाई नसते.

दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. एक, रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, पूर्वी १२० होते). म्हणजे २२ जानेवारीची गाडी २३ नोव्हेंबरला सकाळी आठला. २०२७ ला २६ जानेवारी मंगळवारी येतोय, सोमवारची एक रजा टाकली की चार दिवस सुट्टी, त्यामुळे शुक्रवारच्या गाड्या धडाधड भरतील. दुसरी, मध्यरात्रीनंतरची विमानं. तिकिटावर '२३ जानेवारी, ००.४०' असेल तर विमानतळावर २२ च्या रात्री साडेनऊलाच पोचायचंय. २३ च्या रात्री बॅगा घेऊन जाणारे दरवर्षी असतात.

---

नळदुर्ग_नाका

सातरस्ता यांच्या शनिवारशी सहमत, मुंबईशी नाही. गुडघे दुखणारा माणूस बरोबर असेल तर हैदराबाद बघा.

घरातून गाडीत बसायचं ते थेट विमानतळावर उतरायचं. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद, मग पटनचेरूजवळ आउटर रिंग रोडला लागायचं आणि शहरात न शिरता शमशाबादचं विमानतळ. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, चहा-जेवण धरून साडेसहा-सात तास. घाट नाही. मुंबईला जायचं तर गाडी, प्लॅटफॉर्म, टॅक्सी, टर्मिनल अशी चार ठिकाणी चढ-उतार, आणि प्रत्येक ठिकाणी बॅगा मोजायच्या. हैदराबाद-सिंगापूर विमानही तासाभरानं कमी, साधारण साडेचार तास.

पाच माणसं आणि चार मोठ्या बॅगा अर्टिगात बसत नाहीत. तिसरी रांग उघडली की डिकी उरत नाही. इनोव्हा घ्या, तरी वर कॅरिअर लागेल, आणि बॅगांवर ताडपत्री बांधून घ्या. ड्रायव्हरला आधीच सांगा की रिंग रोडनं जायचंय. रात्री दहा-अकराचं विमान असेल तर सोलापूर सकाळी अकराला सोडा. दुपारी दोनला निघून 'पोचतो की' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. वाटेत एक टायर बसला की सगळं गणित फिसकटतं.

एकच वजा बाजू. परतीला विमान रात्री उशिरा उतरलं तर त्याच ड्रायव्हरला रातोरात सोलापूरला आणू नका. शमशाबादजवळ मुक्काम करून सकाळी निघा.

सोलापुरातल्याच होटगी रोडच्या विमानतळावरून मुंबईचं विमान आहे म्हणून कोणी सुचवेल. उतरल्यावर टी१ की टी२ ते तिकिटावर बघा, कारण दोन्हींमध्ये बाहेरच्या रस्त्यानं जावं लागतं. तिकीट वेगळं असेल तर बॅगा पुन्हा घेऊन पुन्हा द्यायच्या, आणि पहिलं विमान चुकल्याची जबाबदारी दुसऱ्यावर नाही. तसं जायचंच असेल तर दोन्ही विमानांत निदान सहा तास ठेवा.

---

विजापूरवेस

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. सिंगापुरात लोक चुकतात ते अंतरामुळे नाही, नावांमुळे.

क्रूझ टर्मिनल दोन आहेत. एक मरीना बे क्रूझ सेंटर, पत्ता ६१ मरीना कोस्टल ड्राइव्ह. दुसरं हार्बरफ्रंटला, सेंटोसासमोर, नाव सिंगापूर क्रूझ सेंटर. 'सिंगापूर क्रूझ' एवढंच सांगितलं की ड्रायव्हर दुसरीकडे नेऊ शकतो. तुमचं पहिलं. पण त्याच रस्त्यावर, ३१ नंबरला, मरीना साउथ पियर नावाचा बेटांवर जाणाऱ्या फेरींचा धक्का आहे. आणि मरीना बे सँड्स हे हॉटेल वेगळंच. म्हणून ड्रायव्हरला नाव सांगू नका, पत्ता दाखवा: ६१, पिनकोड ०१८९४७. तिथे पिनकोड इमारतीचा असतो, ॲपमध्ये तो टाकला की नेमक्या दारात.

एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं जायचं तर उलटा घोळ. स्टेशनचं नाव मरीना साउथ पियर, लाल मार्गावरचं शेवटचं. त्याच्या आधीचं 'मरीना बे'. नाव वाचून तिथेच उतरणारे पुष्कळ. शेवटपर्यंत बसा, बाहेर पडल्यावर वरून झाकलेली पायवाट टर्मिनलपर्यंत नेते. जानेवारीत तिकडे पाऊस असतो, त्यामुळे छप्पर कामाला येतं. तिकिटाला परदेशी बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड गेटवर टेकवून चालतं, मात्र प्रत्येकाला वेगळं कार्ड. एकाच कार्डावर पाच जण जात नाहीत.

तुमच्या बॅगा आणि वडील बघता चांगीहून आणि बंदरावर, दोन्ही वेळा गाडीच करा. साध्या टॅक्सीत चारच माणसं घेतात, पाचवं माणूस सात वर्षांचं असलं तरी ते मोजलं जातं. म्हणजे सहा-सात आसनी मॅक्सी कॅब. चांगीला आगमनाच्या हॉलमध्ये काउंटर असतात, नाहीतर ॲपवर सहा आसनी निवडा. सहा माणसांची जागा म्हणजे सहा बॅगांची जागा नव्हे. चार मोठ्या बॅगा आहेत हे बुक करतानाच लिहा.

मुलीबद्दल: तिकडे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत बूस्टर सीट लागते. रस्त्यावरच्या टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरच्या खासगी गाडीला नाही. ड्रायव्हर दारात येऊन मुलीकडे बघतो आणि राइड रद्द करतो, तेव्हा लोकांना कळत नाही काय झालं. कारण हे. ॲपमध्ये बूस्टर सीटचा पर्याय निवडा किंवा टॅक्सी घ्या.

क्रूझ कंपनीची ट्रान्सफर बस माणशी दर लावते. एकट्या-दुकट्याला ठीक, पाच जणांना मॅक्सी कॅबच स्वस्त पडते.

---

होटगीरोड_प्रवासी

शनिवार पक्का. हैदराबादचं घरात पटतंय, वडिलांनी लगेच होकार दिला. आता हॉटेल कुठे घ्यावं? सकाळी साडेसहा-सातला उतरलो तर खोली लगेच मिळते का? आणि व्हिसा, कागदपत्रं कधी करायची? जेवण शाकाहारी हवं.

---

पार्कचौक_सोलापूर

हॉटेल लिटल इंडियात घ्या, सेरंगून रोड-फेरर पार्कच्या पट्ट्यात. शाकाहारी जेवण दोन पावलांवर, खरेदीचं मोठं दुकान मुस्तफा सेंटर जवळ, आणि बंदर टॅक्सीनं फार लांब नाही. चांगीजवळ राहून काही साधत नाही, तुम्हाला विमान नाही, जहाज पकडायचंय.

खोलीचं असं: चेक-इन दुपारी दोन-तीनला. सकाळी सातला पोचलात तर बॅगा ठेवून घेतात, खोली देत नाहीत. 'अर्ली चेक-इन' ही विनंती असते, हक्क नाही. आई-वडिलांना रात्रभरच्या प्रवासानंतर लॉबीत सहा तास बसवायचं नसेल तर त्यांची एक खोली २२ तारखेपासूनच बुक करा. आणि हॉटेलला मेल करून कळवा की प्रत्यक्षात २३ च्या सकाळी येणार. हे कळवलं नाही तर २२ च्या रात्री आला नाहीत म्हणून 'नो-शो' लावून पूर्ण बुकिंगच रद्द करतात, पैसे घेऊन. तुमची खोली २३ पासून चालेल, एका खोलीत सगळ्यांनी अंघोळ उरकायची.

पाच जणांना एक खोली तिथे सहसा मिळत नाही. दोन घ्या, शेजारी-शेजारी मागा. मोफत रद्द करता येईल असाच दर निवडा. चिनी नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे, त्याच्या जवळ दर चढतात, म्हणून आत्ताच धरून ठेवा.

कागदपत्रं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने हवी. आजच पाचही काढून बघा, लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि तोच नेमका संपत आलेला निघतो. नूतनीकरण आपल्याकडे पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातही होतं.

नाव तिन्ही ठिकाणी पासपोर्टसारखंच: क्रूझ, विमान, व्हिसा. आपल्याकडे 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ते तसंच्या तसं टाका. क्रूझच्या बुकिंगमध्ये नुसतं पहिलं नाव पडलं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, शेवटच्या आठवड्यात त्याचे पैसे मागतात.

व्हिसा साधारण महिनाभर आधी, अधिकृत एजंटमार्फत. तो अनेक प्रवेशांचा हवा. जहाज मलेशियाला जाऊन परत येतं, म्हणजे सिंगापुरात तुम्ही दोनदा शिरता. हातात आल्यावर आधी तेवढं वाचा. मलेशियाला भारतीयांना व्हिसामाफी आहे, पण जाहीर झालेली मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची. तुमचा प्रवास त्यानंतरचा, तेव्हा डिसेंबरात क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्या. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्डही त्याच मेलमध्ये विचारा.

आता सगळ्यात जास्त अडकणारी गोष्ट: सिंगापूरचं आगमन कार्ड, एसजीएसी. फुकट असतं, सरकारी साइटवर. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. पोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आतच भरता येतं. २३ ला उतरता, म्हणजे २१ पासून. हे सगळे भरतात. पण बुधवारी जहाजातून उतरतानाही ते परत लागतं, या वेळी समुद्रमार्गे आणि जहाजाचं नाव टाकून. २७ साठी खिडकी उघडते २५ ला. तेव्हा तुम्ही जहाजावर असता, नेट महाग. म्हणून २५ किंवा २६ ला जहाज बंदरात लागलं की मोबाइलच्या साध्या रोमिंगवर पाचही जणांचं भरून टाका. समुद्रात असताना फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कचं बिल साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही.

---

जुळे_सोलापूर_०४

परतीचं आणि पॅकेजचं राहिलंय.

बुधवारी जहाज सकाळी लागतं, पण लागणं आणि उतरणं यात दोन-तीन तास जातात. मजल्यांप्रमाणे गट करून सोडतात. आदल्या रात्री बॅगा टॅग लावून केबिनच्या दारात ठेवायच्या, त्या खाली टर्मिनलवर मिळतात. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत नेणाऱ्यांना आधी सोडतात, पण तुमच्यासाठी ते नको. रात्री बॅगा देताना सकाळचे कपडे, चपला, औषधं, पासपोर्ट बाहेर काढलेत ना ते बघा. सगळ्या पँटी बॅगेत गेल्या आणि सकाळी माणूस नाइट ड्रेसवर इमिग्रेशनला, असं खरंच होतं.

विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका, दोननंतरचं उत्तम. मुंबईला यायचं ठरलं तर दोनचं विमान आपल्या वेळेनुसार पाचच्या सुमारास उतरतं, आणि रात्री साडेदहानंतरची सिद्धेश्वर आरामात मिळते. मुंबईहून वंदे भारत बुधवारी नसते, तिच्या भरवशावर राहू नका. सिद्धेश्वरचं तिकीट २८ नोव्हेंबरला उघडेल. चढण्याचं स्टेशन दादर करून घेतलंत तर नंतर सीएसएमटीहून चढण्याचा हक्क जातो, एकदाच काय ते ठरवा.

व्हीलचेअर दोन ठिकाणी वेगवेगळी सांगावी लागते. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी, आणि क्रूझ कंपनीला तिच्या स्वतंत्र फॉर्मवर. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही. आणि पोर्ट क्लांगला वडिलांना घेऊन क्वालालंपूर करायच्या फंदात पडू नका, टर्मिनलपासून एका बाजूला दीड तास लागतो. पेनांगला मात्र धक्का जॉर्जटाउनलाच टेकलेला आहे, तिथे हवं तेवढं उतरा.

पॅकेजबद्दल. फायदा एकच, पण मोठा: विमान, हॉटेल, गाडी, क्रूझ एकाच पावतीवर असतील तर एक बिघडल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणाची, हे भांडायला जागा असते. पण ते त्यानं लिहून द्यायला हवं. विचारा: विमान रद्द झाल्यामुळे जहाज चुकलं तर मला काय मिळेल? उत्तर 'तसं काही होत नाही साहेब' असेल तर ते पॅकेज नाही, चार तिकिटांचा गठ्ठा आहे. तुमची क्रूझ आधीच वेगळी झालीय, त्यामुळे फायदा निम्मा गेलाच. परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर घेतो. पॅन द्या, रक्कम आयकराच्या साइटवर तुमच्या नावावर दिसते का बघा, रिटर्न भरताना वळती होते.

प्रवास विमा मात्र स्वतः वाचून घ्या. क्रूझ धरली आहे का, 'मिस्ड डिपार्चर' (जहाज चुकलं तर भरपाई) आहे का, आणि सत्तरीपुढे उपचाराची मर्यादा किती खाली येते. वडिलांचा बीपी-शुगर असेल तर तो फॉर्ममध्ये लिहा, लपवलेल्या आजारावर दावा नाकारतात.

---

कस्तुरबा_मार्केट

सगळं आलंय, फक्त बॅगेत काय नको तेवढं सांगतो.

खसखस. सिंगापुरात ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. नुसती पुडी नव्हे, अनारसे, काही लाडू, घरचा काळा मसाला, सगळं तपासा. तंबाखू, मावा, गुटखा अजिबात नाही. च्युइंगगमसुद्धा घरीच ठेवा. आईंना झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असेल (अल्प्राझोलाम, डायझेपाम, कोडीनचं औषध) तर तिकडच्या आरोग्य खात्याची परवानगी निघण्याआधी ऑनलाइन घ्यावी लागते, दोन-तीन आठवडे हातात ठेवून अर्ज करा. बाकी औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

जहाजावर इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड स्कॅनरवर काढून घेतात. घरचं शिजवलेलंही आत नेऊ देत नाहीत.

---

होटगीरोड_प्रवासी

शेंगा चटणी आणि कडक भाकरी?

---

कस्तुरबा_मार्केट

दुकानातलं सीलबंद पाकीट घ्या, घरची डब्यातली नको. चटणीच्या पाकिटावर घटक छापलेले असतात, ते वाचून घ्या. कडक भाकरी हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत चुरा होतो. चार मोठ्या बॅगांना जहाजाचे टॅग घरीच छापून घेऊन जा, हॉटेलात प्रिंटर मिळेल या आशेवर राहू नका. कागदाचा टॅग हँडलभोवती गुंडाळून स्टेपल मारा आणि वरून चिकटपट्टी फिरवा. नुसत्या स्टेपलवरचा टॅग पावसात फाटतो, आणि मग ती बॅग कोणत्या केबिनची ते हमालाला कळत नाही.